घरच्या सोलरवर ईव्ही चार्ज करताय? या चुका टाळा

गच्चीवर पॅनल, खाली गाडी, मग पेट्रोलचा खर्च शून्य: हिशेब कागदावर बरोबर असतो. तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी सुरू होतात. बिल उतरत नाही, चार्जर मध्येच लाल दिवा दाखवतो, सॉकेट काळं पडतं. यात पॅनलचा दोष क्वचितच असतो. गडबड असते ती पॅनल आणि गाडी यांच्या मधल्या भागात, म्हणजे वायर, अर्थिंग, मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला दिलेली वापराची मर्यादा) आणि मीटर यांत.

सबसिडी संपते तिथेच क्षमता थांबवणे

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये मिळतात आणि त्यापुढे कितीही पॅनल लावले तरी रक्कम वाढत नाही. म्हणून बहुतेक जण 3 किलोवॅटवर थांबतात, गाडी नंतर घेतात आणि मग युनिट कमी पडतात.

गाडीचा हिशेब सोपा आहे. छोटी किंवा मध्यम इलेक्ट्रिक गाडी मीटरवर मोजलेल्या एका युनिटमागे साधारण 6 ते 6.5 किलोमीटर जाते. कंपनीचा आकडा जास्त असतो, पण चार्जिंग करताना 10 ते 15 टक्के वीज उष्णतेत जाते आणि ती बिलात धरलेली असते. रोज 40 किलोमीटर फिरणं असेल तर महिन्याला 185 ते 200 युनिट लागतील. महाराष्ट्रात 1 किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे घराच्या गरजेवर आणखी दीड ते दोन किलोवॅट हवेत. आज पैसे नसतील तर निदान सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) 5 किलोवॅटचा घ्या आणि गच्चीवर जागा राखून ठेवा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी आणि संध्याकाळी कुठवर येते ते हिवाळ्यात बघा, तेव्हा ती सर्वांत लांब पडते.

मंजूर भार न वाढवणे

7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, एकटाच 32 अँपिअर ओढतो. सिंगल फेजवर त्याच्याबरोबर गीझर आणि एसी लागला की मेन एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडणार. हा चार्जर हवाच असेल तर मंजूर भार वाढवून थ्री फेज घ्या. पण रोज 40-50 किलोमीटर फिरणाऱ्याला त्याची गरजच नसते. 3.3 किलोवॅटचा चार्जर दोन-अडीच तासांत तेवढी वीज भरतो. वॉलबॉक्स गाडीबरोबर फुकट मिळाला म्हणून तो बसवलाच पाहिजे असं नाही.

ईव्हीसाठी वेगळा मीटर घेणे

ही चूक सर्वांत महाग पडते. ईव्हीचा स्वतंत्र दर स्वस्त वाटतो म्हणून वेगळी जोडणी घेतली जाते. पण नेट मीटरिंगमधली (ग्रिडला दिलेली सोलर वीज बिलातून वजा करण्याची पद्धत) युनिट ज्या ग्राहक क्रमांकावर सोलर आहे त्याच बिलातून वजा होतात. गाडी दुसऱ्या मीटरवर गेली की गच्चीवरची वीज तिला हिशेबात मिळतच नाही. स्वतःचं घर आणि स्वतःचं सोलर असेल तर गाडी घरच्याच मीटरवर ठेवा.

जमा युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण 31 मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटला खरेदीदरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक दिसत असेल तर बाहेरच्या फास्ट चार्जरवर पैसे घालवू नका, घरीच भरा. एप्रिल-मेची शिल्लक मात्र पावसाळ्यासाठी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात, निर्मिती निम्म्याच्याही खाली जाऊ शकते.

जुन्या 15 अँपिअर पॉइंटवर रात्रभर गाडी लावणे

गीझर 15-20 मिनिटं चालतो, गाडी आठ-आठ तास सलग 14-15 अँपिअर ओढते. पॉइंट गीझरचा असल्याने चालेल, हा समज इथेच फसतो. स्क्रू जरा ढिला असला की तिथे उष्णता साठते, प्लास्टिक मऊ होतं आणि पिन काळी पडते. काय हवं ते असं:

- 3.3 किलोवॅटसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 20 अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी आणि निळं इंडस्ट्रियल सॉकेट.
- 7.2 किलोवॅटसाठी 6 चौरस मिलिमीटर वायर, पार्किंग 25 मीटरपेक्षा लांब असेल तर 10, आणि 40 अँपिअर एमसीबी.
- दोन्हीसाठी स्वतंत्र 30 मिलिअँपिअर आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. घरात सर्रास बसवलेला ‘टाइप एसी’ आरसीसीबी इथे चालत नाही, कारण गाडीतून डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळती झाली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये 6 मिलिअँपिअर डीसी संरक्षण असेल तर टाइप ए, नसेल तर टाइप बी.

एक्स्टेंशन बोर्ड नको. पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झाल्यावर ते बंद करा आणि प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवा.

लाल दिवा आणि अर्थिंग

चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून बंद होत असेल तर गाडीला दोष देण्याआधी मल्टिमीटर घ्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तेही घरातला लोड चालू असताना, तर अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिला आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालून पुन्हा मोजा. सोलरवाल्यांनी वीजरोधकासाठी (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारी पट्टी) केलेला खड्डा जवळ आहे म्हणून चार्जरची अर्थ त्याला जोडणं धोक्याचं आहे. ती घराच्या मुख्य अर्थ पट्टीवरूनच घ्यावी.

वीज गेली तरी ऊन आहे ना?

ऊन असतं, वीज नसते. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतः बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. घरातला बॅटरी इन्व्हर्टरही कामाचा नाही. 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर 1.8 युनिट असतात, वापरता येतात निम्मी. शिवाय त्याच्या आउटपुटवर न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसल्याने बरेच चार्जर सुरूच होत नाहीत.

भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो

गावाकडच्या फिडरवर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) दुपारी मागणी कमी असते. त्यात सोलर वीज मागे ढकलतं, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून थांबतो. या वेळी गाडी घरी असेल तर 12 ते 3 मध्ये चार्जिंगला लावा, व्होल्टेज खाली येतं. तरीही 250 च्या वर राहत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्यासाठी महावितरणकडे लेखी अर्ज द्या.

‘फक्त सोलर’ मोडवर अवलंबून राहणे

या मोडमध्ये स्मार्ट चार्जर घरातून उरलेल्या सोलर विजेवरच गाडी भरतो. पण तो 6 अँपिअरच्या खाली चार्ज करत नाही, म्हणजे किमान 1.4 किलोवॅट शिल्लक हवी. ढगाळ दिवशी तो सारखा चालू-बंद होतो. आणि मेन वायरवरचा सीटी क्लॅम्प (वीज कोणत्या दिशेने किती जाते ते मोजणारा चिमटा) उलटा बसला असेल तर येणारी वीज त्याला जाणारी दिसते. रात्री सूर्य नसताना गाडी पूर्ण वेगाने चार्ज होत असेल तर आधी क्लॅम्पवरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहा.