समलिंगी खेळाडू संघात टिकावा यासाठी कबड्डीच्या प्रशिक्षकाने काय करायचं

धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये तालुका पातळीवर कबड्डी शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी हे लिहिते आहे. मी शिरपूरकडे पोरांचा आणि पोरींचा, दोन्ही संघ तयार करते. पोरं मला ताई म्हणतात. समलिंगी पोरगा किंवा पोरगी आपल्याकडे खेळत असेल तर तिने खेळ सोडून जाऊ नये, एवढ्याचसाठी ही सगळी खटपट.

हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे तसं कोणी नाही." इंग्लंडमध्ये जस्टिन फॅशानू हा फुटबॉलपटू १९९० साली आपण समलिंगी असल्याचं उघडपणे बोलला. त्यानंतर तिथल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना हे जाहीर सांगणारा पुढचा खेळाडू, जेक डॅनियल्स, आला तो थेट २०२२ साली. मधली ३२ वर्षं तिथे समलिंगी खेळाडू नव्हतेच का? होते, पण गप्प होते. तेव्हा आपल्या संघात कोण आहे हे हुडकत बसू नका. कोणाला खोलीत बोलावून विचारू नका, चालण्या-बोलण्यावरून अंदाज बांधू नका. कोणी ना कोणी आहे असं धरून मैदानाची शिस्त लावा.

सुरुवात तोंडापासून करायची. पकड सुटली की "बायल्या", चढाईला कचरला की "बांगड्या भर", केस बारीक कापलेली पोरगी जोरात भिडली की "पोरगा झाली का गं?" हे पोरं आपल्याकडूनच शिकतात. मला याचा फार राग येतो, आणि त्यातलं एक कारण निव्वळ खेळाचं आहे. "बायल्यासारखा काय धरतो" म्हटल्याने त्या पोराला काहीच कळत नाही. "कॉर्नरवरून लवकर निघालास, चढाईवाल्याचा पाय टेकायच्या आत घोटा धरायला गेलास" म्हटलं की पुढची पकड सुधारते. शिवी म्हणजे प्रशिक्षकाने शिकवण्याचं काम टाळणं आहे.

सरावात यासाठी पिवळं कार्ड वापरा. सामन्यात पिवळ्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, तेच इथे. शिवी दिली की शिट्टी, दोन मिनिटं बाहेर, आणि त्याचा संघ सहा जणांवर खेळणार. भाषण द्यायचं नाही. कर्णधारालाही तोच नियम, आणि चहा पीत बघत बसलेल्या मंडळाच्या माणसांनाही "दादा, इथे हा शब्द नको" असं सर्वांसमोर सांगायचं. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुरतात. पुढे एकमेकांना तीच थांबवतात, कारण सहा जणांवर खेळताना लोण बसतो, म्हणजे अख्खा संघ बाद होतो.

आपला खेळच अंगाला अंग भिडण्याचा. म्हणून एखाद्याबद्दल कुजबुज सुरू झाली की "मी त्याच्याबरोबर साखळीत उभा राहणार नाही" असं कोणीतरी म्हणतंच. जोड्या तुम्ही ठरवा, रोज बदला, आणि बदलून मागायला आलेल्याला परत पाठवा. मांडी धरणं ही पकड आहे, तिचा दुसरा अर्थ काढणाऱ्याला मैदानावर जागा नाही, हे स्पष्ट बोला. वजन घेताना रांगेत सगळ्यांसमोर कपडे उतरवायला लावू नका. कोपऱ्यात चादर बांधा, एकेकाला आत घ्या. याचा फायदा फक्त समलिंगी पोरांना नाही, लाजणाऱ्या प्रत्येकाला होतो.

बाहेरगावच्या स्पर्धेला आपण शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून मुक्कामाला असतो. सगळ्यात जास्त छळ तिथेच होतो, दिवे गेल्यावर. झोपण्याची यादी तुम्हीच करा, पोरींच्या वर्गात एक मॅडम असलीच पाहिजे, आणि एखाद्याला "सुरक्षित" म्हणून वेगळं झोपवू नका. वेगळं झोपवलं की सगळ्या गावाला कळतं.

आता महत्त्वाचं. एखादी पोरगी सराव संपल्यावर मॅट गुंडाळायला मागे रेंगाळते आणि म्हणते, "ताई, कोनले सांगू नको." मग कळतं की तिला मुलगी आवडते. अशा वेळी हातातलं काम चालू ठेवा, तिच्याकडे टक लावून बघू नका. "नक्की का?", "वय आहे, जाईल", "कोण आहे ती?" यातलं काहीही विचारायचं नाही. आधी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." मग दोनच प्रश्न: आणखी कोणाला माहीत आहे का, आणि घरी किंवा इथे कोणी त्रास देतंय का. आणि शेवटी तिला जे ऐकायचं असतं ते: "तू खेय, बाकीनं मी देखसू" (तू खेळ, बाकीचं मी बघते). दुसऱ्या दिवशी तिची जागा तीच ठेवा. ती राइट कॉर्नर असेल तर राइट कॉर्नरच. तुमच्या वागण्यात झालेला छोटा बदलही तिला पहिल्या चढाईत कळेल.

हे आई-वडिलांना सांगायचं नाही, मुख्याध्यापकांना नाही, आपल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. आपल्या भागात गोष्ट भावकीत जायला एक संध्याकाळ पुरते, आणि मग पोरीचा सराव बंद होऊन थेट स्थळं बघायला सुरुवात होते. धावपटू द्युती चंदने २०१९ साली गावातल्याच एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदकं मिळवलेली खेळाडू होती. तरी घरूनच विरोध झाला. तुमच्या बारावीतल्या पोरीच्या हातात तर काहीच नसतं. फक्त एक अपवाद: १८ वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे गुपित नाही. पण मुलगी आवडते किंवा मुलगा आवडतो, हा काही अत्याचार नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

द्युतीच्या बाबतीत लोक आणखी एक गल्लत करतात. २०१४ साली तिला शरीरातल्या संप्रेरकाच्या पातळीवरून स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, आणि २०१५ साली क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. त्याचा आणि तिला कोण आवडतं याचा काही संबंध नाही. पोरांना हे नीट समजावून सांगा. पाणी पिता पिता सांगितलं तरी चालतं. महिला प्रीमियर लीगचं तर पोरं स्वतःच बोलतात. २०२३ च्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सला नाबाद ६० धावा करून जिंकून देणारी नॅट सिव्हर-ब्रंट, तिची जोडीदार कॅथरिन ब्रंट इंग्लंडची माजी गोलंदाज, दोघींनी २०२२ साली लग्न केलं. एवढंच सांगायचं आणि सराव पुढे चालू करायचा.

घरी कळलंच आणि वडील मैदानावर आले, तर वाद घालू नका, बसवा, पाणी द्या. बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी असतात: हा गुन्हा आहे आणि हा आजार आहे. गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते स्पष्ट केलं. आजारही नाही, आणि "बरं करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली गैरवर्तन ठरवलं आहे. भगत-बाबांकडे नेण्याची भाषा निघाली तर तिथे मात्र ठाम उभे राहा. पोर फार खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, मराठीतून बोलता येतं. मुलाला मारहाण होत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

निवड समितीत बसता तेव्हा "तिच्याविषयी काहीबाही ऐकलंय" असं कोणी म्हटलं, तर लगेच विचारा: तिच्या यशस्वी पकडी किती? आकडे आधीच वहीत मांडून न्या. माझ्या अनुभवात कुजबुज करणाऱ्याकडे वही नसते.

आणि प्रमाणपत्रं. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की लग्नसराईचा रेटा वाढतो, आणि लग्न नको असलेल्या पोरीला सहानुभूतीपेक्षा स्वतःचा पगार जास्त वाचवतो. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते प्रमाणपत्राची पडताळणी झाली तरच मिळतं. स्पर्धा संपल्याच्या आठवड्यातच प्रमाणपत्र हातात घ्या, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. तिच्या परवानगीने एक प्रत तुमच्याकडे ठेवा. घरच्यांनी कागद दडवले किंवा फाडले, तर अर्ज भरायच्या दिवशी ती तुमच्याकडे येईल.