बॅटमॅनचे दिग्दर्शक ताडून कसे पाहावेत

सगळे बॅटमॅनपट सलग पाहिले तर डोक्यात नुसता गोंधळ उरतो. प्रत्येक दिग्दर्शकाचा पहिला घ्या: टिम बर्टन (१९८९), ख्रिस्तोफर नोलन (२००५), मॅट रीव्ह्ज (२०२२). प्रसंगही एकच धरा, ब्रूसच्या, म्हणजे पुढे बॅटमॅन होणाऱ्या मुलाच्या, आईवडिलांचा खून.

बर्टनकडे गोळी झाडणारा तरुणच पुढे जोकर होतो, त्यामुळे सूड थेट खलनायकाशी जोडला जातो. नोलनकडे ऑपेरातली वटवाघळासारखी पात्रं पाहून घाबरलेला ब्रूसच बाहेर जाऊया म्हणतो. भीतीला अपराधीपणा चिकटतो आणि पुढचा सगळा सिनेमा त्यावरच उभा राहतो. रीव्ह्ज खून दाखवतच नाही. बाप गमावलेल्या महापौराच्या मुलाकडे ब्रूस बघत राहतो, तेवढ्यात सगळं पोचतं. तिघांत हाच निर्णय सर्वांत धाडसी.

प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. कॅमेरा मुलाच्या उंचीवर आहे की मोठ्यांच्या, ते टिपा. मग डोळे मिटून फक्त ऐका. बॅटमॅनचं शहर गॉथमही तपासा: बर्टनचं सेटवर उभं केलेलं, नोलनच्या गॉथममध्ये सेटसोबत शिकागोचे खरे रस्ते.

हमखास होणारी चूक म्हणजे दृश्यांच्या चकचकीतपणावर गुण देणं. त्यात १९८९चा सिनेमा उगाच मार खातो, कारण तुलना दिग्दर्शकांची न राहता तंत्राची होते.