योसेमिटीत तंबू ठोकायचाय? या चुका टाळा

मे महिना लागला की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न ठरलेला: ‘फोर्थ ऑफ जुलैला योसेमिटीत कॅम्पिंगला कोण कोण येतंय?’ हौस चांगली आहे, पण कॅलिफोर्नियातल्या या नॅशनल पार्कात त्या वीकेंडच्या जागा जानेवारीतच संपलेल्या असतात.

योसेमिटी व्हॅलीतल्या अपर पाइन्स या कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं, आणि एकदम महिन्याभराचं उघडतं. १५ जून ते १४ जुलैच्या दरम्यान पोचायचं असेल तर १५ जानेवारी, सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेसाठी १५ मार्च. वेळ पॅसिफिक, त्यामुळे न्यू जर्सीकरांनी १०ची तयारी ठेवावी. खातं उघडणं, पासवर्ड शोधणं, कार्डाची माहिती भरणं हे सगळं आदल्या रात्रीच उरकून घ्या. सात वाजता ओटीपीची वाट बघत बसलात तर वीकेंड गेलाच म्हणून समजा. रविवार ते मंगळवार चालत असेल तर आधी तेच मागा, धक्काबुक्की जरा कमी असते.

पुढची चूक आपल्या गोतावळ्याची. एका साइटवर, म्हणजे कॅम्पच्या एका ठरावीक जागेवर, ६ माणसं, लहान मुलं धरून, आणि २ गाड्या. ‘मुलांचं काय, कुठेही मावतील’ हा हिशेब इथे चालत नाही. तीन कुटुंबं असतील तर तीन साइट, आणि बुकिंगलाही तिघांनी बसायचं. बुकिंग ज्याच्या नावावर त्याने फोटो आयडीसकट स्वतः हजर राहावं लागतं. नेमका तोच ऐनवेळी ऑन-कॉलवर अडकतो, म्हणून बुक करतानाच पर्यायी नाव घाला. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर आणखी एक खर्च धरा. २०२६ पासून योसेमिटीसह ११ पार्कांत अमेरिकेबाहेरच्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर पडतात.

आता अस्वल. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण ‘खाणं’ म्हणजे काय याची आपली व्याख्या फार तोकडी असते. चिवडा, लाडू, लसणाची चटणी तर झालंच. पण टूथपेस्ट, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, कचऱ्याची पिशवी, न उघडलेला कोकचा कॅनसुद्धा खाण्यातच जमा. ज्याला वास येतो ते सगळं साइटवरच्या लोखंडी पेटीत, चोवीस तास, कडी लावून. अंधार पडल्यावर गाडीतही काही ठेवायचं नाही, कारण काळं अस्वल गाडीचं दार वाकवून उघडतं. कार सीटच्या फटीतला बिस्किटांचा चुरा निघण्याआधी घरीच व्हॅक्यूमने काढा. त्या पेटीचं नेहमीचं माप ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद आणि फक्त १८ इंच उंच. कॉस्टकोतून आणलेला भलामोठा कूलर तिच्यात उभा मावत नाही, मग रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात बर्फ ओतून देण्याची पाळी येते. दोन छोटे कूलर आणा, आणि टेप लावून मोजून आणा.

लाकडं घरून नेऊ नका. त्यांच्याबरोबर झाडांना लागणारी कीड प्रवास करते. व्हॅलीत पडलेल्या काटक्या गोळा करायलाही बंदी आहे, तेव्हा जवळपास विकत घ्या. उन्हाळ्यात व्हॅलीत शेकोटी फक्त संध्याकाळी ५ ते रात्री १०. दहानंतर आवाजही बंद, अंताक्षरी त्याआधीच आटपा.

व्हॅली ४,००० फुटांवर आहे, टुओलमी मेडोज साधारण ८,६०० फुटांवर. एकाच पार्कात आहे म्हणून एकच स्लीपिंग बॅग नेणारे तिथे ऐन जुलैतही कुडकुडतात. शिवाय तिकडे नेणारा टायोगा रस्ता बर्फामुळे कधी मेअखेर, कधी जूनअखेर उघडतो. मेअखेरच्या मेमोरियल डेचा बेत त्याच्या भरवशावर आखू नका.

आणि पाच महिन्यांपूर्वीची संधी हुकलीच असेल तर? रद्द झालेल्या जागा पुन्हा वेबसाइटवर दिसू लागतात, विशेषतः तारीख आठवड्या-दोन आठवड्यांवर आली की. अलर्ट लावून ठेवा. व्हॅलीतल्याच कॅम्प ४ या कॅम्पग्राउंडमध्ये सीझनला जागा आठवडाभर आधी सुटतात, पण तिथे अनोळखी लोकांबरोबर साइट वाटून घ्यावी लागते आणि तंबूपर्यंत सामान वाहून न्यावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यापेक्षा पार्काबाहेर नॅशनल फॉरेस्टमधलं कॅम्पग्राउंड बघा. पेट्रोल मात्र आत शिरण्याआधी भरा, व्हॅलीत पंप नाही.