मिलफर्ड साउंडमध्ये कयाक: पावसाला नव्हे, दुपारच्या वाऱ्याला घाबरा

न्यूझीलंडच्या फियॉर्डलँड भागातल्या मिलफर्ड साउंड या कड्यांनी वेढलेल्या समुद्राच्या खाडीला वर्षाला साधारण साडेसहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे हवामानाच्या अंदाजात ढग दिसले की लोक कयाकची (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीची) फेरी पुढे ढकलतात आणि लख्ख उन्हाची दुपार निवडतात. सगळ्यात मोठी चूक हीच. रिमझिम पावसात कड्यांवरून असंख्य तात्पुरते धबधबे सुटतात, पाणी मात्र बरेचदा शांत असतं. उलट ऊन तापलं की दुपारी टास्मान समुद्राकडून वारा आत घुसतो आणि उभ्या कड्यांमधून त्याचा जोर वाढतो. सकाळची पहिली फेरी घ्या.

वारा आडवा आला की कयाकचं टोक वाऱ्याकडे वळू लागतं. नवखे तेव्हा घाबरून दोन्ही बाजूंनी जोरजोरात वल्हवतात. रडर, म्हणजे कयाकच्या मागचं सुकाणू, पाण्यात सोडा. रडर नसेल तर ज्या बाजूने वारा येतोय, त्या बाजूला लांब, अर्धगोल फटके मारा. दोघांच्या कयाकमध्ये रडर मागच्याच्या पायाशी असतो आणि लय पुढच्याने ठेवायची असते. नवरा-बायकोची भांडणं बहुधा इथेच सुरू होतात! खांदे लगेच भरून आले तर तुम्ही नुसत्या हातांनी ओढताय, कमरेपासून वळा. तळहाताला फोड येत असतील तर पॅडलवरची मूठ सैल करा.

जीन्स आणि सुती टी-शर्ट गाडीतच राहू द्या. ओलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं. लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर घाला. लाइफ जॅकेटचे पट्टे बसल्यावर पुन्हा आवळा. किनाऱ्यावरच स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून कयाकचं तोंड झाकणाऱ्या कापडाची) पुढची दोरी चाचपडून पाहा, ती आत दबलेली नको. कयाक उलटली तर तीच ओढून बाहेर पडायचं असतं. बाहेर आल्यावर कयाक सोडू नका. कडे थेट पाण्यात उतरतात, पोहत जाऊन टेकायला जागा फार थोड्या.

मुसळधार पावसानंतर कड्याला चिकटून जाणंही टाळा. इथली झाडं खडकावरच्या शेवाळात एकमेकांच्या मुळांना धरून उभी असतात. एक सुटलं की उतारावरची अख्खी रांग खाली येते. सुमारे दीडशे मीटर उंचीच्या स्टर्लिंग धबधब्याखाली फोटोसाठी घुसायचं की नाही, ते गाइड ठरवेल.

अनेकांची फेरी तर पाण्यात उतरण्याआधीच चुकते. ‘ते आनाऊ’ या गावापासून मिलफर्डपर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता दोन तासांत होतो, पण एकेरी वाहतुकीच्या होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबावं लागतं. वाटेत मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. पेट्रोल ‘ते आनाऊ’लाच भरा. हिवाळ्यात हिमस्खलनामुळे रस्ता बंद होतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बोगद्यापाशी गाडी थांबली की किआ पोपट येऊन दारांचं रबर सोलतात, त्यांना खाऊ घालू नका. आणि किनाऱ्यावर कपडे बदलताना सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या घोटे फोडून काढतात, म्हणून मोजे आधी चढवा.