कोकणातल्या ग्रंथपालांनी पावसाळ्यात काय शिकावं आणि कसं

मार्चअखेरचे हिशेब, मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी, मग गणपती. कोकणातल्या वाचनालयाला शिकण्यासाठी सवड मिळते ती मिरगापासून श्रावणापर्यंत. तेव्हा वाचक कमी येतात आणि दमट हवेमुळे पुस्तकांचे प्रश्न समोरच दिसतात. वर्षाची आखणी करताना हेच दोन-अडीच महिने राखून ठेवा. विषयही दोनच घ्या: एक संगणकावरचा, एक कपाटातला.

पदवीचं आधी उरकू. ग्रंथालयशास्त्राची पदवी (बी.लिब.) कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर वर्षभरात होते. नोकरी सांभाळून करायची असेल तर इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे चौकशी करा. पैसे भरण्याआधी त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणासाठी मान्यता आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका. फक्त ज्ञान हवं असेल तर ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावर ग्रंथालयशास्त्राचे पाठ मोफत आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडतं.

कार्यशाळेला रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या दाखल नोंदवहीतली (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदतो ती वही) अडलेली वीस पुस्तकं लिहून न्या: लेखकाचं नाव दोन तऱ्हांनी छापलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं, कादंबरी की आत्मचरित्र हे न ठरलेलं. शिकवणाऱ्याकडून त्या वीस नोंदी करून घेतल्या की विषय डोक्यात बसतो. नुसत्या टिपणांची वही परत आल्यावर कपाटात पडून राहते.

संगणकावरचं: मराठी नोंद सापडली पाहिजे

कोहा ही वाचनालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली सन २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये तयार झाली. तिला परवान्याचा खर्च नाही. सरावासाठी चार जीबी रॅमचा जुना संगणक आणि त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स कार्यप्रणाली पुरेशी आहे. आधी पन्नासच पुस्तकं भरा. सगळी दाखल नोंदवही एकदम भरायला घेतली की पहिल्या महिन्यातली चूक हजारो नोंदींत पसरते.

मराठीत सगळ्यात जास्त घोळ होतो टंकलेखनात. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय आत घेऊ नका, नाहीतर पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं दिसतील. दुसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य येतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, म्हणून शोधात एक सापडतो आणि दुसरा हरवतो. यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. आम्ही इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक सुचवतो. हा शब्द प्रत्येकाकडून टंकून घ्या, एकमेकांच्या शोधचौकटीत टाका आणि सापडतो का ते पाहा. कोहात मराठी शोध अडत असेल तर शोधसूची आयसीयू पद्धतीने (युनिकोड अक्षरं नीट ओळखणाऱ्या) बांधली आहे का, हे बसवून देणाऱ्याला आवर्जून विचारा.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून तयार नोंदी उतरवून घेता येतात, त्यांच्याकडे मराठी पुस्तकंही पुष्कळ आहेत. मात्र तिथे नाव रोमन लिपीत असतं आणि अंत्य अकार लिहिलेला असतो. ‘तुकाराम’ शोधताना इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी आणखी एक ‘ए’ लावावा लागतो. उतरवलेल्या नोंदीत देवनागरी शीर्षक आपण भरायचं. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातला (विषयवार आकडे देण्याची पद्धत) वर्गांकही तपासून घ्या: मराठी साहित्य ८९१.४६, त्यातलं कथासाहित्य ८९१.४६३.

कपाटातलं: भिजलेलं पुस्तक

२२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूणमधल्या, १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं मोठं नुकसान केलं. खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक वाचनालयाने भिजलेली पुस्तकं वाचवण्याचा सराव दर जूनमध्ये करावा, असं आमचं ठाम मत आहे.

निर्लेखित (संग्रहातून काढून टाकलेल्या) पुस्तकांतली दहा-बारा घ्या. त्यांत एक गुळगुळीत कागदाचा दिवाळी अंक आणि शाईने लिहिलेली एक वही हवीच. बादलीत तासभर बुडवा. कागद पुष्कळ पाणी धरू शकतो. म्हणून गच्च भरलेल्या फळीवरची पुस्तकं फुगून अडकतात आणि ओढताना पुठ्ठा हातात येतो. आधी फळीच्या टोकाचं एक पुस्तक सोडवा, मग बाकीची.

चिखल असेल तर पुस्तक बंद धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा. चोळू नका, उघडू नका. शाईची वही धुवायचीच नाही.

ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू शकते आणि जुलैच्या हवेत तेवढ्या वेळात ढीगभर पुस्तकं वाळत नाहीत. जी हाताळता येणार नाहीत ती गोठवायची. प्रत्येक पुस्तक पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, क्रेटमध्ये कणा खाली ठेवून एकाच थरात उभं लावा. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदराजवळ मासळीची शीतगृहं असतात, पण बर्फाच्या कारखान्यातली बर्फखोली पुरेशी थंड नसते. गोठवलेली मासळी ठेवतात तिथलं उणे १८ अंश तापमान हवं. पूर आल्यावर फोन लावत बसण्यापेक्षा मे महिन्यातच मालकाशी बोलून जागा आणि क्रेट ठरवून ठेवा. सरावाला घरचा फ्रीझर चालतो.

थोडी पुस्तकं हवेवर वाळवता येतात. पाणी निथळलं की पुस्तक उभं करून किंचित उघडा आणि दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा न्यूजप्रिंट घाला. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानाला लागते, म्हणून छापखान्यातून कोरा आणा. जास्त कागद कोंबला तर कणा वाकडा होतो. दर दोन-तीन तासांनी बदला. पंखा खोलीत फिरता ठेवा, पुस्तकावर रोखू नका. उन्हात टाकलं तर पानं वेडीवाकडी होतात. दिवाळी अंकाची पानं अर्धवट वाळली की एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून तो लगेच गोठवा किंवा प्रत्येक पानात कागद घाला.

रोजच्या जपणुकीसाठी एक आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आकडा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीचा धोका. बाहेर पाऊस कोसळत असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडणं चूक आहे, त्याने दमटपणाच आत येतो. डांबरगोळ्या किडीसाठी, बुरशीला त्यांचा काही उपयोग नाही. कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे आणि खालची फळी जमिनीपासून किमान पंधरा सेंटिमीटर वर.

कागदोपत्री

प्रशिक्षणाचा खर्च कार्यकारी मंडळाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली मागा. प्रवास, शुल्क आणि जागेवर बसणाऱ्या बदली माणसाचा मोबदला, तिन्ही धरून. बदली माणूस नसेल तर दार बंद ठेवावं लागतं आणि पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही. परत आल्यावर आठवड्याच्या आत एक पान लिहा: काय शिकलो, कोणत्या वीस पुस्तकांवर लावलं, काय जमलं नाही. त्याची एक प्रत प्रमाणपत्रासोबत फाइलला लावा आणि दुसरी तालुक्यातल्या शेजारच्या ग्रंथपालाला द्या.