नोकरी सोडल्यावर अडकलेला पगार आणि परत करायचा लॅपटॉप: हा हिशेब कसा मिटवावा

नोकरी सोडून दीड महिना उलटतो, नव्या ठिकाणी बस्तान बसू लागते आणि एके दिवशी जुन्या कंपनीच्या एचआरकडून ई-मेल येतो की, आपला लॅपटॉप जमा झाल्याची नोंद दिसत नाही, त्यामुळे फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सुटल्यावरचा अंतिम हिशेब, थांबवले आहे. लॅपटॉप तर आपण शेवटच्या दिवशीच दिलेला असतो. नसते ती फक्त पोच.

माझ्यावर ही वेळ आली आहे. पुण्यातल्या एका कंपनीतून बाहेर पडताना मी लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र आयटी विभागाच्या खिडकीवर दिले, तिथल्या मुलाने मान डोलावली आणि मी निश्चिंत मनाने घरी आलो. दोन महिन्यांनी आलेल्या हिशेबात चार्जर आणि डॉकिंग स्टेशन या नावाखाली १८,५०० रुपये कापलेले होते. डॉकिंग स्टेशन, म्हणजे लॅपटॉपला पडदा, कळफलक वगैरे एकत्र जोडण्याचे उपकरण, मला कधी मिळालेच नव्हते, आणि रुजू होताना आलेल्या ई-मेलमधली वस्तूंची यादी मी जपून ठेवली होती म्हणून ते दाखवता आले. चार्जरचे पैसे मात्र गेले, कारण तो दिल्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. पुढे जे सांगितले आहे त्यातला बराचसा भाग त्या चार्जरमुळे शिकलेला आहे.

पगार मिळेपर्यंत लॅपटॉप अडवून ठेवू नये

कंपनी पैसे देत नाही, मग आपणही लॅपटॉप देऊ नये, असा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात. तो ऐकू नये. कंपनीची मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा माजी कर्मचाऱ्याला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५२ खाली १ लाख ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू परत न करण्यावरून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांत तक्रारही होऊ शकते. पगाराचे येणे ही आपली भक्कम बाजू असते. लॅपटॉप घरात राहिला की कंपनीला तक्रार करायला जागा मिळते आणि मूळ मागणी मागे पडते. म्हणून वस्तू आधी परत कराव्यात, पोच घ्यावी आणि मग मोकळेपणाने पैसे मागावेत.

परत करण्याआधीची तयारी

रुजू होताना मिळालेल्या वस्तूंची यादी शोधावी. ती ई-मेलमध्ये असते, सही केलेल्या फॉर्मवर असते किंवा कंपनीच्या पोर्टलवर दिसते. पोर्टलवर असेल तर तिथला प्रवेश बंद होण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. यादीच्या शेजारी आपल्याकडे प्रत्यक्ष असलेल्या वस्तू मांडाव्यात: लॅपटॉप, चार्जर, माऊस, हेडसेट, डोंगल, कंपनीचे सिमकार्ड, ओळखपत्र आणि दरवाजा उघडण्याचे कार्ड. यादीत असलेली पण आपल्याला न मिळालेली एखादी वस्तू दिसली, तर ते नोकरीत असतानाच लेखी कळवावे; नोकरी सुटल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

त्यानंतर लॅपटॉप टेबलावर ठेवून, न थांबवता एकच व्हिडिओ काढावा. आधी झाकण, मग चारही कडा आणि बिजागरी, मग तळाचा अनुक्रमांक आणि कंपनीने चिकटवलेली ॲसेट क्रमांकाची पट्टी स्पष्ट वाचता येईल इतक्या जवळून दाखवावी. मग यंत्र सुरू करून पडदा उजळलेला, कळफलक चालत असलेला आणि चार्जर लावल्यावर बॅटरी भरू लागलेली दाखवावी. पडद्यावरची तारीख आणि वेळ व्हिडिओत येऊ द्यावी. चार-पाच मिनिटांचे हे काम कधी कधी पंधरा-वीस हजारांची कपात वाचवते.

यंत्रातील माहितीबाबत दोन चुका टाळाव्यात. पहिली म्हणजे निघताना सगळे पुसून टाकणे. कंपनीची माहिती परवानगीशिवाय नष्ट केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ लागू शकते, म्हणून लेखी सूचनेशिवाय यंत्र फॉरमॅट करू नये. फक्त आपली वैयक्तिक छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढावेत. दुसरी चूक याच्या उलट असते. मॅकबुकवर स्वतःचा ॲपल आयडी तसाच ठेवून यंत्र परत केले आणि ‘फाइंड माय’ (हरवलेले यंत्र शोधण्याची ॲपलची सोय) बंद केले नाही, तर पुसल्यावर ते यंत्र आपल्या पासवर्डशिवाय सुरू होत नाही आणि कंपनी ते निकामी म्हणून नोंदवू शकते. आयडीतून बाहेर पडावे आणि बाहेर पडल्याचे दिसणारे छायाचित्र जवळ ठेवावे.

प्रत्यक्ष देताना दोन प्रती न्याव्यात. प्रत्येक वस्तूचे नाव, अनुक्रमांक आणि स्थिती लिहून खाली तारीख आणि वेळ घालावी आणि घेणाऱ्याचे नाव, सही व शक्य असल्यास शिक्का घ्यावा. तो सही करायला तयार नसेल तर तिथेच उभे राहून एचआर, आयटी आणि आपल्या वरिष्ठांना ई-मेल पाठवावा की, आज अमुक वाजता या खिडकीवर या वस्तू दिल्या आहेत, छायाचित्रे जोडली आहेत, कृपया पोच द्यावी. हा ई-मेल वैयक्तिक पत्त्यावरून पाठवावा, कारण कंपनीचा पत्ता त्याच संध्याकाळी बंद होतो.

कुरियरने पाठवायचे असेल तर

घरून काम करणाऱ्यांना यंत्र कुरियरने पाठवावे लागते. कंपनीने स्वतःचा माणूस पाठवल्यास उत्तम. आपल्याला पाठवायला सांगितले असेल तर पत्ता, घेणाऱ्याचे नाव आणि खर्च कोण देणार हे आधी लेखी मागावे. खोक्यात वस्तू भरतानाचा आणि खोके बंद करतानाचा व्हिडिओ काढावा, पाठवलेल्या मालाची किंमत जाहीर करून विमा घ्यावा आणि पावतीवर खोक्याचे वजन लिहून घ्यावे. वजनाचा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु घरी चार्जरसह केलेले वजन आणि पावतीवरचे वजन जुळत असेल, तर चार्जर खोक्यात नव्हता असे म्हणणे कंपनीला कठीण जाते. पार्सल पोहोचल्याची नोंद कुरियरच्या संकेतस्थळावरून कायमची मिळेलच असे नाही, म्हणून ती त्याच दिवशी उतरवून घ्यावी.

आपला हिशेब आपणच आधी मांडावा

कंपनीचा हिशेब येण्याची वाट पाहू नये. महिना ६०,००० रुपये पगार असलेल्या माणसाने तीस दिवसांच्या महिन्यात १८ तारखेपर्यंत काम केले असेल, तर त्याचे ३६,००० रुपये होतात. यात शिल्लक रजेचे पैसे आणि मंजूर झालेली प्रवासाची बिले मिळवावीत. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, म्हणून रजेची शिल्लक दाखवणारे पोर्टलचे पान शेवटच्या आठवड्यातच उतरवून घ्यावे. नोटीस पिरियड पूर्ण केला नसेल तर नेमणूकपत्र काढून पाहावे. कमी पडलेल्या दिवसांचे पैसे मूळ वेतनावर धरायचे की पूर्ण पगारावर, हे तिथल्या शब्दांवरून ठरते आणि एचआर ज्या पद्धतीने मोजते ती नेमणूकपत्राशी जुळतेच असे नाही.

सलग पाच वर्षे सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी मिळते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये आणि सेवा सहा वर्षे असेल, तर ३०,००० ला १५ ने गुणून २६ ने भागावे आणि सहाने गुणावे. ही रक्कम सुमारे १,०३,८४६ रुपये होते. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. लॅपटॉपच्या वादापायी ग्रॅच्युइटी रोखून धरली असेल, तर त्या दोन गोष्टी पत्रात वेगवेगळ्या मांडाव्यात.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम १७ प्रमाणे कर्मचाऱ्याला काढले असो वा त्याने राजीनामा दिला असो, त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते. कंपन्यांच्या धोरणात ४५ किंवा ६० दिवस लिहिलेले आढळतात आणि नोकरदार तेच कायदा समजून गप्प राहतात. जुन्या वेतन प्रदान कायदा, १९३६ ला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, त्यामुळे बहुतेक कार्यालयीन नोकरदार त्याच्या बाहेर राहत. नव्या संहितेतील वेतन देण्याच्या आणि कपातीच्या तरतुदींना ती मर्यादा नाही आणि व्यवस्थापक पदावरील लोकही कर्मचारी या व्याख्येत येतात. आपली नोकरी त्या तारखेआधी सुटली असेल तर मात्र जुन्या कायद्याप्रमाणे काय मिळते, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

वस्तूच्या नुकसानीबद्दल कपात करायला कलम १८ परवानगी देते, पण त्याच्या अटी नीट वाचाव्यात. वस्तू आपल्याकडे स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे आणि नुकसान थेट आपल्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. कलम २१ सांगते की, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय ती करता येत नाही. एका वेतनकाळातील सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत.

‘प्रत्यक्ष नुकसान’ या शब्दांवर माझा विशेष भर आहे. तीन वर्षे वापरलेल्या लॅपटॉपसाठी नव्या लॅपटॉपची किंमत मागितली जाते आणि घाबरलेला माणूस ती मान्य करतो. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे, आणि आयकराच्या ४० टक्के घसाऱ्याने (वापरामुळे दरवर्षी किमतीत धरली जाणारी घट) ७०,००० रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर ४२,०००, दुसऱ्या वर्षाअखेर २५,२०० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १५,१२० रुपयांवर येते. म्हणून खरेदीचे बिल, सध्याचे पुस्तकी मूल्य (घसारा वजा जाता कंपनीच्या हिशेबात उरलेली किंमत) आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागावे. हे तीन कागद मागितल्यावर कपातीचा आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो.

लेखी मागणी

फोनवर झालेले बोलणे मोजले जात नाही. प्रत्येक फोननंतर ‘आत्ताच्या बोलण्यात आपण असे सांगितले’ एवढा मजकूर ई-मेलने पाठवावा. नंतर एक स्वतंत्र मागणीपत्र ई-मेलने आणि पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर धाडावे. मजकूर साधारण असा असावा:

‘मी आपल्याकडे अमुक पदावर काम करत होतो. माझा शेवटचा दिवस १८ तारीख होता. लॅपटॉप, चार्जर व ओळखपत्र मी त्याच दिवशी सुपूर्द केले असून पोचेची प्रत जोडली आहे. माझे १८ दिवसांचे वेतन ३६,००० रुपये आणि शिल्लक रजेची रक्कम अद्याप मिळालेली नाही. आपण दाखवलेली कपात मला मान्य नाही. ती करण्याआधी मला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली नाही. कपातीचा आधार, खरेदीचे बिल व पुस्तकी मूल्य सात दिवसांत कळवावे आणि वादात नसलेली रक्कम तत्काळ जमा करावी.’

शेवटचे वाक्य गाळू नये. वाद १८,००० रुपयांचा असताना लाखभर रुपये अडवून ठेवण्याला कसलाच आधार नसतो, आणि तेवढी रक्कम सुटली की आपल्यालाही शांतपणे भांडता येते. पत्रात राग, टोमणे आणि समाजमाध्यमांवर टाकण्याच्या धमक्या असू नयेत. हे पत्र उद्या एखादा अधिकारी वाचणार आहे असे समजून लिहावे.

कामगार कार्यालयात जाताना

सात-आठ दिवसांत उत्तर आले नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. मुंबईकरांसाठी ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. बँका, विमा, रेल्वे यांसारख्या आस्थापना केंद्राच्या कक्षेत येतात आणि त्यांच्यासाठी केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जावे लागते. वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई ठरवू शकतो, आणि कंपनीने तरीही पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकतात. पैसे दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ प्रमाणे कंपनीवर असतो. नेमणूकपत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचे विवरण, राजीनामा व त्याची स्वीकृती, पोच आणि मागणीपत्र यांचे दोन संच न्यावेत. व्हिडिओ किंवा चॅट पुरावा म्हणून द्यायचे असतील तर मूळ फोन जपावा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

तडजोडीच्या वेळी कंपनी ‘सर्व रक्कम मिळाली, आता काहीही येणे नाही’ असा कागद पुढे करते. रक्कम खात्यात दिसेपर्यंत त्यावर सही करू नये, आणि कपात मान्य नसेल तर सहीशेजारी ‘कपातीबाबत हरकत कायम ठेवून’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून त्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. त्याच बैठकीत रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला मागून घ्यावा.

भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर ती आपल्याला यूएएनच्या (भविष्यनिर्वाह निधीतील सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर स्वतः भरता येते. कापलेला आयकर २६एएस मध्ये (आयकर विभागाकडील करजमेचे विवरण) जमा दिसतो का, हे पाहावे. त्या वर्षाचा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, आणि अंतिम हिशेबात कंपनीने आपल्याला किती रक्कम दिल्याचे दाखवले आहे, ते त्या फॉर्मवरून पडताळून घेता येते.