दिवाळीच्या सुमारास घरचा कांदा हवा असेल तर

पावसाळ्यात कांद्याची रोपं जगवणं म्हणजे खरा जीव टांगणीला. दोन दिवस झड लागली की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. त्यापेक्षा परसबागेत गोट्यांपासून, म्हणजे आधी वाढवून सुकवून ठेवलेल्या इवल्या कांद्यांपासून, कांदा लावा.

जानेवारीच्या उत्तरार्धात छोट्या गादीवाफ्यावर बी मुद्दाम दाट पेरा. दाटीमुळे कांदे पोसत नाहीत, आणि आपल्याला तेच हवं असतं. एप्रिल-मेमध्ये ते पातीसकट उपटा, जुड्या बांधून सावलीत, वारा लागेल असे टांगा. ऑगस्टमध्ये जुड्या सोडून निवड करा, आणि इथे दयामाया नको: दीड ते दोन सेंटिमीटरच्याच गोट्या घ्या. मोठ्या गोटीला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, येण्याची भीती जास्त, ती सरळ फोडणीत टाका. उंच वाफ्यावर १५ बाय १० सेंटिमीटर अंतराने, शेंडा जेमतेम झाकेल इतक्याच खोल लावा. पाणी साचू देऊ नका.

बी मात्र खरिपाच्या जातीचंच हवं, ॲग्रीफाउंड डार्क रेड किंवा भीमा सुपर. उन्हाळी कांद्याचं बी इथे चालत नाही. नोव्हेंबरात काढलेला हा कांदा फार टिकत नाही, लगेच वापरा.